वादळानंतर किनारा उभा राहतो म्हणजे काय?

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीचा किनारा झोडपून ते ईशान्येकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तर महाराष्ट्रावर येऊन क्षीण झाले. सोनगीर आणि धुळ्याकडच्या लोकांना ते शेवटच्या टप्प्यात, पावसाच्या आणि वाऱ्याच्या रूपाने भेटले. त्यामुळे खानदेशातही काही दिवस कोकणची चर्चा होती. मग ती थांबली. किनाऱ्यावरच्या गावांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र तेव्हा सुरू झाला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

तो प्रश्न घरांचा आणि बागांचा आहे, हे सर्वांना मान्य आहे. मतभेद त्यापुढे आहेत. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर माणसे नारळ-सुपारी आणि मासळीवर जगतात, तशीच गणेशमूर्ती रंगवून, दशावतारात उभे राहून, कळसूत्री बाहुल्या नाचवून, पर्यटकांना पाण्याखाली प्रवाळ दाखवून किंवा लाटेवर फळी धरायला शिकवूनही जगतात. वादळानंतर गाव सावरताना या कलांचे आणि समुद्रखेळांचे स्थान काय? कलेमुळे गाव लवकर सावरते का, हा एक प्रश्न. कलावंत स्वतः सावरतो का, हा दुसरा. चर्चेत हे दोन्ही नेहमी एकत्र मिसळले जातात. या लेखात ते शक्य तितके वेगळे ठेवले आहेत.

अरबी समुद्राचा बदललेला स्वभाव

वादळ म्हणजे बंगालचा उपसागर, असा आपल्याकडे फार काळ समज होता आणि त्याला आधारही होता. पश्चिम किनाऱ्यावर वादळे येत, पण क्वचित. नोव्हेंबर 2009 मध्ये आलेल्या ‘फयान’ने कोकणातल्या मच्छीमारांचे बळी घेतले, तेव्हाही ती अपवादाची घटना मानली गेली. 2019 मध्ये एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. 2020 मध्ये ‘निसर्ग’ आले आणि मे 2021 मध्ये ‘तौक्ते’. तौक्ते कोकणात जमिनीवर चढले नाही. गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, मुंबई असा सारा किनारा घासत ते गुजरातेत गेले. मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-305’ हा तराफा बुडून कित्येक कामगार दगावले ते याच वादळात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1982 ते 2000 आणि 2001 ते 2019 या दोन कालखंडांची तुलना आहे. दुसऱ्या कालखंडात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली आणि अतितीव्र वादळे 150 टक्क्यांनी. समुद्राचे पृष्ठजल तापणे हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाते. हा कल पुढे कसा राहील यावर अभ्यासकांत चर्चा आहे. पण फयानला जसे अपवाद म्हणून बाजूला ठेवता आले, तसे पुढच्या वादळाला ठेवता येणार नाही, एवढे बहुतेक सगळे मान्य करतात.

निसर्ग आणि तौक्ते ही दोन्ही वादळे कोविडच्या काळात आली, हे विसरून चालणार नाही. जत्रा बंद, पर्यटक नाहीत, मुंबईचे चाकरमानी काम सुटून गावी परतलेले. त्यामुळे कोणाचे किती नुकसान वादळाने झाले आणि किती टाळेबंदीने, हे वेगळे काढणे कठीण आहे. या विषयावरचा प्रत्येक दावा त्या अडचणीसह वाचावा लागतो.

पंचनाम्याचे रकाने

वादळ ओसरले की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक येतात आणि पंचनामा होतो. गावाच्या पुढच्या काही वर्षांचे बरेचसे या कागदावर ठरते, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

निसर्गनंतर राज्य सरकारने नेहमीच्या निकषांपेक्षा जास्त मदत जाहीर केली. पूर्ण पडलेल्या घरासाठी 95,100 रुपयांऐवजी दीड लाख आणि फळबागांसाठी हेक्टरी 18,000 ऐवजी 50,000. आकडा मोठा दिसतो. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोलीकडच्या वाड्या हेक्टरांत मोजायच्या नसतात, त्या गुंठ्यांत असतात. एका हेक्टरचे जवळपास 99 गुंठे होतात. म्हणजे दर गुंठ्याला साधारण 500 रुपये आणि दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत माड, पोफळी, मधे केळी आणि जायफळ अशी दाटी असते आणि त्यावर एक कुटुंब चालते. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. पोफळ लावल्यापासून चांगले उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षे जातात. तक्रारी वाढल्यावर झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. वाडीत दीडशे पोफळी आणि पंधरा माड पडले असतील तर ही रक्कम 11,250 रुपये होते. हेक्टरी हिशेबाच्या दुपटीहून ती जास्त आहे, तरी सात-आठ वर्षांच्या उत्पन्नापुढे फार थोडी.

या बदलाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे. मोजण्याचे एकक बदलले की न्याय बदलतो, हे त्यातून दिसले. नुकसान तेच आणि तिजोरीही तीच होती. फक्त हेक्टरऐवजी झाड मोजले गेले.

आता कला आणि समुद्राकडे वळू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2015 ते 2020 या काळातल्या निकषांत होडीची दुरुस्ती 4,100 रुपये, होडी पूर्ण गेली तर 9,600, जाळ्याची दुरुस्ती 2,100, नवे जाळे 2,600 अशी तरतूद होती. हस्तकला आणि हातमाग कारागिरासाठीही रकाना आहे: हत्यारे-अवजारे गेली तर 4,100 आणि कच्चा किंवा तयार माल गेला तर 4,100. नंतरच्या निकषांत हे आकडे काहीसे वाढले. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिराच्या भट्टीचे आणि अवजारांचे उद्या पुरात नुकसान झाले तर त्याला याच रकान्यातून मदत मागावी लागेल. पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांतल्या मूर्तिकारांनाही हाच रकाना लागू पडू शकतो. जून म्हणजे त्यांचे ऐन हंगामाचे दिवस, शेडमध्ये हजारो कच्च्या मूर्ती सुकत असतात. छप्पर उडाले आणि पाणी आत आले की मातीचा पुन्हा चिखल होतो. त्यातच 2020 साली सार्वजनिक मूर्तींची उंची चार फुटांवर आणि घरगुती मूर्तींची दोन फुटांवर मर्यादित झाली. मोठ्या मूर्तींवर चालणाऱ्या कारखान्यांना वादळाइतकाच तोही फटका होता.

पण दशावतारी मंडळाचा पेटारा कोणत्या रकान्यात बसवायचा? पिंगुळीच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या, पोथ्या? मालवणच्या स्कुबा मार्गदर्शकाचा हवेचा सिलिंडर, आरंबोळच्या सर्फ प्रशिक्षकाच्या फळ्या? होडीला रकाना आहे, फळीला नाही. मूर्तिकार कारागीर ठरतो, नट ठरत नाही. यात कोणाचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. निकष शेती, मासेमारी आणि हस्तकला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले आणि किनाऱ्यावरचे पोट भरण्याचे मार्ग त्यानंतर वाढले.

पहिली बाजू: आधी छप्पर, आधी झाड

या चर्चेतली सर्वांत जुनी आणि सर्वांत भक्कम भूमिका अशी: मदतीचा पैसा मर्यादित असतो, तो आधी घर, पाणी, वीज, बाग आणि होडी यांवर खर्च व्हावा. निसर्गनंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीच्या अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद, विहिरीचा पंप चालत नाही. अशा वेळी जत्रा आणि लाटांची भाषा अस्थानी वाटते, असे या बाजूचे लोक म्हणतात. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. गावाचे घर आणि वाडी उभी राहिली तर कला आपोआप उभी राहते, कारण ती त्याच घरात आणि वाडीत वाढलेली असते. दशावतारातला राजा दिवसा शेतात किंवा वाडीत राबणारा असतो. त्याला नट म्हणून वेगळी मदत देण्यापेक्षा शेतकरी म्हणून पुरेशी द्या, हे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही.

भूमिगत वीजवाहिन्या, निवारा केंद्रे, खारबंधारे यांवर भर देणारी मंडळीही याच बाजूची. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या केंद्राच्या चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला आणि अलिबागमध्ये भूमिगत वाहिन्यांचे काम हाती घेतले गेले. ओडिशाचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. 1999 च्या महावादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. मे 2019 मध्ये ‘फनी’ पुरीजवळ धडकले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधीच सुरक्षित जागी हलवले गेले होते. माणूस वाचला तरच पुढचे सगळे.

दुसरी बाजू: हंगाम वाचवा

दुसरी भूमिका किनाऱ्यावरच्या पर्यटनाशी आणि समुद्रखेळांशी जोडलेल्या लोकांची. त्यांच्या मते गाव मदतीवर सावरत नाही, पुढच्या हंगामावर सावरते. वेळासचे उदाहरण बोलके आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने तिथे समुद्रकासवांची अंडी राखण्याचे काम सुरू झाले, मग कासव महोत्सव आला आणि घरोघरी पाहुण्यांची न्याहारी-निवास सोय. निसर्गने मंडणगड-दापोलीचा हा पट्टा पुरता विस्कटला, तेव्हा ज्या घरांकडे पाहुण्यांचे उत्पन्न होते त्यांच्याकडे बागेपलीकडचा आणखी एक आधार होता. कोविडने तोही काही काळ थांबवला, हे खरे.

सर्फिंगचे चित्र इथे नीट मांडायला हवे. कोकणात सर्फिंगची संस्कृती आहे असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. मालवण-तारकर्ली भागात राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथला मुख्य ओढा पाण्याखालचा आहे. लाटांवरचा खेळ गोव्याच्या उत्तर टोकाला, आरंबोळ, मांद्रे, आश्वेच्या वाळूवर रुजला. त्याचा हंगाम समुद्रच ठरवतो. मोसमी वाऱ्यांनी उठणाऱ्या मोठ्या लाटा पावसाळ्यात या किनाऱ्यावर जोरात आपटतात, तेव्हा समुद्रात उतरणे जिवावरचे असते. ऑक्टोबर ते मे लाटा लहान आणि नवशिक्यांना सोप्या असतात. म्हणजे हा धंदा बहुतांशी शिकवणीचा आणि फक्त कोरड्या महिन्यांचा. मेमधले वादळ त्याची शेपटी कापते. पाण्याखालचा वाळूचा दांडा लाट कशी फुटेल ते ठरवतो. मोठ्या वादळात हा दांडा सरकतो आणि शिकवणीची जागाच बदलते. किनाऱ्याची वाळू किती गेली, हे सर्फ प्रशिक्षक आणि रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, यांना कोणत्याही सर्वेक्षणाआधी कळते. ही माहिती कोणी पद्धतशीर गोळा करत नाही, याची मला खंत वाटते.

या खेळाने गाव सावरते, याची देशातली सर्वांत जास्त सांगितली जाणारी उदाहरणे पूर्व किनाऱ्यावरची आहेत. चेन्नईजवळचे कोवळम 2004 च्या सुनामीने झोडपलेले कोळ्यांचे गाव. तिथल्याच मूर्ती मेघवन या तरुणाने 2012 मध्ये सर्फ शाळा सुरू केली. पुढे गावात लाटा, संगीत आणि योग यांचा महोत्सव भरू लागला आणि कोळ्यांची मुले राष्ट्रीय स्पर्धांत उतरली. ओडिशात कोणार्कजवळ रामचंडीच्या वाळूवर 2012 पासून ‘इंडिया सर्फ फेस्टिव्हल’ सुरू झाला. त्यात खेळाबरोबर चित्रकार आणि वादकही असत.

या बाजूवर आक्षेप घेणारे तीन गोष्टी विचारतात. महोत्सव चार दिवसांचा असतो, उरलेल्या वर्षाचे काय? जमिनीचे भाव वाढले तर गावकरी तिथे टिकतो का? आणि वाळूवर हक्क कोणाचा, रापण ओढणाऱ्याचा की फळ्या भाड्याने देणाऱ्याचा? कोवळममध्ये कोळी तरुणच शिक्षक झाले म्हणून तिसऱ्या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळाले. गोव्यात ते तसे सरळ नाही.

तिसरी बाजू: कला गावाला उभे करते

फनीने पुरीजवळच्या रघुराजपूरला, पट्टचित्र काढणाऱ्या घरांच्या गावाला, जबर तडाखा दिला. घरांबरोबर चित्रे भिजली, ताडपत्रे गेली. मदत करणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. चित्रकारांना घर बांधून द्यायचे, की त्यांची चित्रे विकत घ्यायची? बऱ्याच जणांनी दुसरी वाट सुचवली, कारण तीत कलावंताचा मान राहतो. पण भिजलेल्या घरात चित्र काढायला बसायचे कुठे?

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे हा पेच स्पष्ट करतात. अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन बेटावर 2008 च्या ‘आयक’ वादळात खारे पाणी शिरून हजारो जुनी झाडे वाळली. तिथल्या शिल्पकारांनी उभ्या खोडांतूनच मासे, पक्षी, माणसे कोरली आणि ती पाहायला लोक येऊ लागले. न्यू ऑर्लीन्समध्ये 2005 च्या ‘कॅटरिना’नंतर गायक-वादकांसाठी घरांची एक वसाहतच बांधली गेली, कारण वादक शहराबाहेर राहिले तर शहराचे संगीतही बाहेर जाईल अशी भीती होती. पहिल्या ठिकाणी कला शहराच्या उपयोगी पडली. दुसऱ्या ठिकाणी शहर कलावंताच्या उपयोगी पडले. आपल्याकडे पहिल्या प्रकाराचा उल्लेख वारंवार होतो, दुसऱ्याचा क्वचित. माझे मन दुसऱ्याकडे झुकते.

सिंधुदुर्गात याचा अर्थ काय होतो ते पाहू. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जिवंत ठेवल्या आहेत. तिथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आले. अशा कलांची साधने कागद, लाकूड आणि कापडाची असतात, म्हणजे दमटपणा आणि पाणी हेच त्यांचे शत्रू. दशावताराचा हिशेब वेगळा आहे. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि मंडळे मे महिन्यापर्यंत गावोगाव फिरतात. 2020 आणि 2021 या दोन्ही हंगामांचा उत्तरार्ध टाळेबंदीत गेला, त्यावर वादळ. एखाद्या मंडळाचे सामान सुखरूप असले तरी खेळच झाले नाहीत तर नुकसान झाले की नाही? पंचनामा वस्तू मोजतो, बुडालेल्या रात्री मोजत नाही.

वादळ नव्हे पण पूर, असे चिपळूणचे उदाहरणही इथे जोडावे लागेल. 1864 साली स्थापन झालेले तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005 च्या आणि पुन्हा जुलै 2021 च्या पुरात बुडाले. दोन्ही वेळा शहरातल्या लोकांनी ते पुन्हा उभे केले. स्वतःचे घर चिखलात असताना माणसे ग्रंथालयाच्या कामाला येतात, ही गोष्ट ‘आधी छप्पर’ म्हणणाऱ्यांनीही विचारात घ्यावी अशी आहे.

चौथी बाजू: किनारा स्वतः

पर्यावरणाच्या अभ्यासकांचे म्हणणे या तिन्ही बाजूंना छेद देते. वाळूच्या टेकड्या, त्यांवरची मर्यादवेल आणि केवडा, खाड्यांतली खारफुटी हे वादळाचे पहिले अडसर. निसर्गमध्ये किनाऱ्यांवरची सुरूची बने मोठ्या प्रमाणात आडवी झाली. त्यावरून सुरू लावावा की स्थानिक झाडोरा, हा जुना वाद पुन्हा वर आला. सुरूचे समर्थक सांगतात की बनांनी वारा अंगावर घेतला म्हणून मागची घरे थोडी वाचली. विरोधक म्हणतात, उथळ मुळांची एकसुरी लागवड मोठ्या वादळात उलट धोक्याची ठरते. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास पट्टा 50 मीटरपर्यंत खाली आणला आणि किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाव दिला. पर्यटनवाले याला रोजगार म्हणतात, पर्यावरणवाले टेकड्यांचा नाश. सर्फिंग करणारे इथे पर्यावरणवाल्यांच्या बाजूने येतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. धूपप्रतिबंधक भिंत बांधली की समोरची वाळू खचते आणि लाट बिघडते. रापणकारांचाही अनुभव हाच. ज्या दोन गटांत वाळूच्या हक्कावरून भांडण आहे, ते भिंतीच्या प्रश्नावर एकत्र येऊ शकतात.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठा अनिर्णित प्रश्न विम्याचा. जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकाला हवामान आधारित फळपीक विम्यात वेगवान वाऱ्याचेही संरक्षण मिळते. ठरलेल्या वेगावर वारा गेल्याची नोंद हा त्यात भरपाईचा मुख्य आधार असतो. त्यातही तक्रारी आहेत, हवामान केंद्र लांब असल्याच्या आणि नोंदी चुकल्याच्या. तरी वाऱ्याच्या वेगाचा पुरावा धरणारी ही पद्धत वीस-तीस गुंठ्यांच्या मिश्र वाडीला, मूर्तीच्या शेडला किंवा बुडालेल्या जत्रा-हंगामाला कशी लावायची, यावर काम झाल्याचे दिसत नाही. खानदेशचा अनुभव कोकणाला इथे उपयोगी पडू शकतो असे मला ठामपणे वाटते.

दुसरा प्रश्न यादीचा. कलावंत कोण हे ठरवायचे कसे, म्हणून त्यांना मदत देता येत नाही, असे सांगितले जाई. कोविडच्या काळात राज्याने लोककलावंतांना 5,000 रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली, तेव्हा पात्रता ठरवून याद्या करण्याची वाट निघाली. त्या याद्या आपत्तीच्या वेळी वापरायच्या की नाही, याचा निर्णय नाही. समुद्रखेळांच्या प्रशिक्षकांची तर अशी यादीही माझ्या पाहण्यात नाही. त्यांतले अनेक जण भाड्याच्या खोलीत राहणारे असतात आणि घरपडीची मदत जाते मालकाला.

तिसरा प्रश्न आकड्यांचा आहे. निसर्ग-तौक्तेनंतर पाच वर्षांनी कोणत्या गावातली किती दशावतारी मंडळे, किती मूर्तिशाळा, किती न्याहारी-निवास घरे चालू राहिली, याची गावनिहाय पाहणी झाल्याखेरीज वरच्या चारही बाजूंना आपापल्या सोयीची उदाहरणे मिळत राहणार. ओडिशा-कोवळमच्या गोष्टी प्रेरक आहेत, पण त्या यशाच्या गोष्टी आहेत म्हणूनच सांगितल्या जातात.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे मागचे निकष 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठी होते. त्यापुढच्या निकषांत हस्तकला-हातमागाच्या ओळीखाली प्रयोगांवर जगणारे कलावंत आणि समुद्रखेळांची साधने यांची एक ओळ वाढते का, आणि हेक्टरच्या जोडीला झाड हे एकक कायम होते का, या दोन गोष्टी श्रीवर्धनपासून पिंगुळीपर्यंतच्या लोकांनी तपासून पाहाव्या लागतील.